पांढरी पूड आणि पांडेसऱ्याचं ऊन

सूरतमधल्या पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये ज्यांनी काम केलं आहे, त्यांना टिटॅनियम डायऑक्साइडची ओळख करून द्यायची फारशी गरज नाही. नाव ठाऊक नसेल, पण गोणी पाहिलेली असते. खडी प्रिंटची पेस्ट तयार करताना कलर किचनमध्ये बाइंडरात जी पांढरीशुभ्र पूड मिसळतात आणि जिच्यामुळे गडद कापडावर पांढरी नक्षी उठून दिसते, ती बहुतेक वेळा हीच. ज्या पॉलिस्टर धाग्याची साडी असते, त्या धाग्यातही ती असते. पॉलिस्टर मुळात चकाकतं. ही चकाकी कमी करण्यासाठी पॉलिमर तयार होतानाच त्यात ही पूड घालतात. सेमी-डल म्हणून विकल्या जाणाऱ्या धाग्यात तिचं प्रमाण सुमारे 0.3 टक्के असतं, तर फुल-डल धाग्यात 2 टक्क्यांच्या आसपास. घराच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये, गोळ्यांच्या पांढऱ्या आवरणात, सगळीकडे ही पूड आहे. आता ती मुलींच्या पर्समधल्या सनस्क्रीनच्या ट्यूबवरही दिसते.

तिथूनच एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्यासाठीच ही पुस्तिका लिहिली आहे. मिलमध्ये जी पूड नाकातोंडात जाऊ नये म्हणून बाप तोंडाला रुमाल बांधतो, तीच पूड लेकीनं रोज सकाळी चेहऱ्याला लावायची? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अगदी योग्य आहे. त्याला हसण्यावारी नेणाऱ्या जाहिराती आणि ‘यात केमिकल आहे’ म्हणून घाबरवणारे मोबाइलवरचे व्हिडिओ, दोघंही या प्रश्नावर अन्याय करतात. उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी पक्कं आहे. एकच पदार्थ श्वासातून छातीत गेला तर एक गोष्ट असते, मलमात मिसळून कातडीवर बसला तर दुसरी. पुढच्या सगळ्या पानांचं सार या फरकात आहे.

उन्हापासून कातडीचं रक्षण करणारी खनिजं मुख्यतः दोन: टिटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं ऑक्साइड. टिटॅनियम इल्मेनाइट नावाच्या काळ्या वाळूतून मिळतं. केरळात कोल्लमजवळ चवऱ्याच्या किनाऱ्यावर ती विपुल आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही तिचे साठे आहेत. त्रावणकोर टिटॅनियम प्रॉडक्ट्स ही कंपनी 1946 साली तिरुवनंतपुरमला स्थापन झाली. जस्ताचा इतिहास तर याहून खूप जुना आहे. उदयपूरजवळच्या झावर इथं काही शतकांपूर्वी मातीच्या मुशी उलट्या ठेवून जस्त ऊर्ध्वपातनानं काढत असत. इतक्या मोठ्या प्रमाणावर जस्त काढण्याचे जगातले सर्वांत जुने पुरावे तिथेच सापडले आहेत. घरात मात्र जस्त आपल्याला वेगळ्याच रूपात भेटतं. घामोळ्यांवर लावायचं गुलाबी कॅलामाइन लोशन म्हणजे झिंक ऑक्साइड आणि किंचित लोहाचं ऑक्साइड. तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागी कातडी सोलवटली की डॉक्टर जे पांढरं मलम देतात, त्यातही तेच असतं. नव्वदच्या दशकात क्रिकेट पाहिलेल्यांना गालांवर पांढरे पट्टे ओढून गोलंदाजी करणारा दक्षिण आफ्रिकेचा ॲलन डोनाल्ड आठवेल. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सचे पांढरे ओठही सगळ्यांनी पाहिले. तो पांढरा रंग जस्ताचाच होता.

आता उन्हाकडे येऊ. सूरत 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे आणि जळगाव 21 वर. उधना-जळगावच्या रेल्वेमार्गानं खानदेशातून जी माणसं पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोलीत येऊन राहिली, त्यांनी गाव बदललं, पण डोक्यावरचा सूर्य बदलला नाही. दोन्ही ठिकाणी मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला दुपारी सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात 3 पासून पुढे रक्षण करावं आणि 11 पासून पुढे ऊन अतितीव्र समजावं, असं म्हटलं आहे. निरभ्र आकाशाखाली इथल्या उन्हाळ्यातली दुपार त्या शेवटच्या पायरीपर्यंत सहज जाते. गावी शेतात काम करणारी बाई डोईवर पदर घेते, गडी डोक्याला उपरणं गुंडाळतो. इथे आल्यावर त्या सवयीचं काय झालं, याचा विचार फारसा कुणी करत नाही. मिलच्या आत बारा तासांची पाळी करणाऱ्याला ऊन कमी लागतं आणि उकाडा जास्त. पण ताग्यांची पार्सलं टेम्पोत चढवणारा हमाल, कडियाकाम करणारी जोडपी, भाजीची लारी लावणारी मावशी, रिक्षावाला, गॅलरीत उजेडाला बसून साड्यांचं धागा कटिंग करणारी बाई, या सगळ्यांना ते भरपूर लागतं.

अतिनील किरणांचे तीन भाग करतात. सी हा भाग ओझोनच्या थरातच अडकतो. बी, म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरी, कातडी भाजतात आणि लाल करतात. ए, म्हणजे 315 ते 400, जास्त खोल जातात, कातडी काळवंडवतात, सुरकुत्या लवकर आणतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. टेम्पोच्या ड्रायव्हरचा खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा काळा का दिसतो, त्याचं हे एक कारण.

ही खनिजं आरशासारखं काम करतात, किरण कातडीवरून परत पाठवतात, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. अतिनील किरणांचा फार मोठा भाग हे कण स्वतःच शोषून घेतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपानं सोडून देतात. परत फेकला जाणारा भाग थोडा असतो. म्हणून ‘मिनरल’ आणि ‘केमिकल’ अशी जी भिंत बाजारात उभी केली आहे, ती काम करण्याच्या पद्धतीच्या बाबतीत तितकी खरी नाही. झिंक ऑक्साइड हेही रसायनच आहे. खरा फरक आहे तो कातडीतून रक्तात किती शिरतं यात. तिथे खनिजांची बाजू भक्कम आहे.

टिटॅनियम डायऑक्साइड मुख्यतः बी आणि ए च्या सुरुवातीच्या भागावर चालतं, तर झिंक ऑक्साइड ए मध्ये पुष्कळ आतपर्यंत जातं. म्हणून चांगल्या क्रीममध्ये दोन्ही एकत्र किंवा निदान जस्त तरी भरपूर असतं. दोघांमध्ये टिटॅनियमची पूड प्रकाश जास्त वळवते, म्हणून ती जास्त पांढरी दिसते. कापडाला आणि भिंतीला हेच हवं असतं, पण सावळ्या गालावर त्याचा राखाडी थर बसतो. आपल्या बायका ही क्रीम एकदा लावून टाकून देतात त्याचं कारण बहुधा हेच आहे, आणि ते खोटंही नाही. उपाय म्हणून कण शंभर नॅनोमीटरहून बारीक केले. मग ते डोळ्याला दिसत नाहीत, क्रीम पारदर्शक होते. त्यासोबत नॅनो हा शब्द आला आणि भीतीही आली.

या भीतीची तपासणी झाली आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि हे कण तिथेच थांबतात, असं ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं उपलब्ध अभ्यास पुन्हा पुन्हा तपासून म्हटलं आहे. तिथल्याच मॅक्वारी विद्यापीठाचे ब्रायन गल्सन यांनी एक फार चतुर प्रयोग केला, तो 2010 साली प्रसिद्ध झाला. निसर्गात कमी आढळणारं जस्ताचं एक समस्थानिक वापरून त्यांनी सनस्क्रीन बनवलं आणि समुद्रकिनाऱ्यावर काही दिवस रोज माणसांना लावायला दिलं. नंतर रक्तात आणि लघवीत त्या ओळखीच्या जस्ताचा मागोवा घेतला. थोडं जस्त सापडलं, पण रक्तात मुळात जेवढं जस्त असतं त्याच्या हजाराव्या भागाएवढं. जस्त आपण रोज डाळी, शेंगदाणे, ज्वारी-बाजरीतून खातो, शरीराला ते लागतंच. मला हा प्रयोग आश्वासक वाटतो, कारण तो ‘काहीच शिरत नाही’ असं म्हणत नाही. किती शिरतं ते मोजून सांगतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2019 च्या फेब्रुवारीत सनस्क्रीनच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात तपासलेल्या 16 घटकांपैकी फक्त दोन ‘सुरक्षित आणि परिणामकारक’ ठरवले: झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड, दोन्ही 25 टक्क्यांपर्यंत. दोन घटक असुरक्षित ठरले आणि बाकी बाराबद्दल अजून माहिती हवी, असं म्हटलं. त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात ऑक्सिबेंझोन, ॲव्होबेंझोन असे काही सेंद्रिय घटक रक्तात अपेक्षेपेक्षा जास्त आढळले होते. रक्तात आढळलं म्हणजे अपाय झाला, असा त्याचा अर्थ नाही. प्रशासनानंही तसं म्हटलं नाही. ज्यांना अशा घटकांची क्रीम मानवते त्यांनी घाबरून उन्हात उघडं फिरावं, यापेक्षा ती लावलेली केव्हाही बरी. युरोपातही या दोन्ही खनिजांची मर्यादा 25 टक्के आहे आणि नॅनो कण असतील तर डब्यावर तसं छापावं लागतं.

टिटॅनियमच्या पुडीचा एक दुर्गुण मात्र खरा आहे आणि तो पांडेसऱ्याच्या भिंतींवरही पाहायला मिळतो. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 साली दाखवलं की प्रकाश पडल्यावर टिटॅनियम डायऑक्साइड पाण्याचंही विघटन घडवून आणू शकतं. म्हणजे उन्हात ही पूड आजूबाजूच्या पदार्थांवर क्रिया करते. बाहेरच्या भिंतीला हलक्या प्रतीचा रंग दिला की काही वर्षांनी हात फिरवताच पांढरा भुगा निघतो, त्यामागे हीच क्रिया असते. उन्हात पुडीभोवतीचा बाइंडरच खाल्ला जातो. कातडीवर असं होऊ नये म्हणून सनस्क्रीनसाठी रुटाइल जातीचे कण पसंत करतात, कारण ॲनाटेज जात जास्त क्रियाशील असते. शिवाय प्रत्येक कणावर सिलिका, ॲल्युमिना किंवा सिलिकोनचं पातळ आवरण चढवतात. म्हणून रंगाच्या किंवा कलर किचनच्या गोणीतली पूड आणि क्रीममधली पूड रासायनिक नावानं एक असली तरी वापराला एक नाहीत. घरी ‘झिंक ऑक्साइड पावडर’ मागवून कोरफडीच्या गरात कालवायची आणि सनस्क्रीन तयार, असे व्हिडिओ पाहून कुणी प्रयोग करत असेल तर ते थांबवावं. हातानं कालवलेल्या मिश्रणात पुडीच्या गाठी राहतात, थर सारखा बसत नाही आणि किती रक्षण मिळालं ते कुणालाच कळत नाही. वर पूड ओतताना ती श्वासात जाते ते वेगळंच.

श्वासाचं हे प्रकरण गंभीरपणे घ्यायला हवं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2006 साली टिटॅनियम डायऑक्साइड ‘माणसात कर्करोगाला कदाचित कारण होऊ शकेल’ अशा 2बी गटात टाकलं. हा गट ऐकूनच लोक क्रीम फेकून देतात. पण तो निर्णय उंदरांच्या छातीत फार मोठ्या प्रमाणात बारीक धूळ गेल्यावर झालेल्या गाठींवर आधारलेला होता. कातडीला लावण्याशी त्याचा संबंध नव्हता. युरोपीय संघानंही पुडीच्या रूपात श्वासातून जाणाऱ्या टिटॅनियमला संशयित कर्ककारक ठरवलं होतं, ते वर्गीकरण तिथल्या न्यायालयानं 2022 साली रद्द केलं. तो वाद आपल्यापुरता बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहते: बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाणं चांगलं नाही. जस्ताचंही तसंच आहे. गॅल्वनाइज्ड पत्र्याचं वेल्डिंग करणाऱ्याला झिंक ऑक्साइडचा ताजा धूर छातीत जाऊन संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. वेल्डर त्याला मलेरिया समजतात. एक-दोन दिवसांत उतरणारा हा ताप धुराचा असतो. तेच जस्त बाळाच्या अंगाला लावलं तर जखम भरायला मदत करतं. युरोपात या खनिजांचे नॅनो कण छातीत जाऊ शकतील अशा स्प्रेमध्ये वापरायला मनाई आहे, ती याच विचारानं. तेव्हा स्प्रे किंवा चेहऱ्यावर ब्रशनं उडवायची सनस्क्रीन पावडर घेऊ नये. क्रीम, लोशन किंवा काडी घ्यावी.

आपल्याला सनस्क्रीन कशासाठी हवं, हेही नीट सांगायला हवं, कारण जाहिराती गोऱ्या देशांची कारणं आपल्या गळ्यात बांधतात. गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर असतं, त्यामुळे उन्हानं होणारा कातडीचा कर्करोग आपल्याकडे खूप कमी आढळतो. आपला त्रास वेगळा आहे. गरोदरपणानंतर गालांवर येणारा वांग, मुरूम गेल्यावर राहणारे काळे डाग, उन्हात गेलं की हातांवर उठणारं पुरळ, हे आपल्याकडे त्वचेच्या डॉक्टरांपुढे रोज येतं. यातल्या वांगाबद्दल एक शोध महत्त्वाचा आहे. अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या अभ्यासकांनी 2010 साली दाखवलं की सावळी कातडी केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, साध्या दिसणाऱ्या प्रकाशानंही काळवंडते आणि तो काळेपणा बराच काळ टिकतो. गोऱ्या कातडीत तसं झालं नाही. पारदर्शक नॅनो क्रीम दिसणारा प्रकाश अडवत नाही. तो अडवतं लोहाचं ऑक्साइड, म्हणजे क्रीमला तपकिरी-पिवळट छटा देणारा रंग. म्हणून वांग असलेल्या बाईनं छटा असलेली, म्हणजे ‘टिंटेड’, खनिज क्रीम घ्यावी. तिच्यानं राखाडी थरही दिसत नाही. हा सल्ला आपल्या रंगाच्या माणसांसाठीच आहे आणि तो पुरेसा पोचलेला नाही.

सनस्क्रीन गोरं करत नाही, आहे तो रंग उन्हानं बिघडू देत नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण बाजारात त्याच गल्ल्यावर नाव-पत्ता नसलेल्या ‘गोरेपणाच्या’ क्रीमही असतात. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना अशी क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर क्रीममध्ये प्रचंड प्रमाणात पारा सापडला. दुसऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्यांनी पहिले काही आठवडे चेहरा उजळतो आणि मग कातडी पातळ होऊन लाल पडते, केस उगवतात. माझ्या मते जस्त-टिटॅनियमच्या भीतीत जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी या क्रीमच्या मागे लागण्यात जायला हवा. भारतात सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं आणि त्याला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. ट्यूबवर घटकांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असायलाच हवी. ज्या डब्यावर हे नाही, तो डबा परत ठेवावा.

परवाना असला म्हणजे झालं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात 2025 च्या जूनमध्ये चॉइस या ग्राहक संस्थेनं 20 सनस्क्रीन तपासली, त्यातली 16 डब्यावर लिहिलेल्या एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासून रक्षणाच्या, आकड्याइतकी निघाली नाहीत. सर्वांत वाईट निघाली ती जस्ताची क्रीम होती. तिच्यावर एसपीएफ 50+ छापलं होतं, चाचणीत मिळालं 4. खनिज सुरक्षित असणं आणि क्रीम नीट बनवलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुडीचे कण सारखे पसरवणं हे अवघड काम आहे, प्रिंटिंगवाल्यांना ते वेगळं सांगायला नको.

वापरणाऱ्याकडूनही आकडा घसरतो. एसपीएफ मोजताना प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि मान मिळून ते साधारण एक ग्रॅम होतं, म्हणजे दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा. बहुतेक लोक याच्या निम्मीही लावत नाहीत. योग्य तेवढी दिवसातून दोनदा लावली तर 50 ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांत संपते. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला हे परवडत नाही, आणि त्या घराला क्रीम लाव म्हणून उपदेश करणं मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी कापडच पहिलं आणि खरं औषध आहे. पॉलिस्टरचा रेणू स्वतःच बी किरण चांगले शोषतो, आणि सेमी-डल किंवा फुल-डल धाग्यातली टिटॅनियमची पूड त्यात भर घालते. दाट विणीचा, गडद रंगाचा कपडा पातळ पांढऱ्या सुतीपेक्षा किरण जास्त अडवतो, अंगाला गरम होतं एवढाच त्याचा तोटा. सूरतेच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली ओढणीनं तोंड बांधून हातभर मोजे घालतात, ते अगदी बरोबर करतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नकोच, सावली द्यावी. आणि वांग, पुरळ किंवा लूपससारखा आजार असलेल्यांनी क्रीमवरचा खर्च औषधाचा खर्च समजून करावा.

ही पुस्तिका मराठीत असण्याचं कारण सांगतो. सूरतेत मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा आहेत, पांडेसऱ्यात घरोघरी अहिराणी आणि मराठी बोलली जाते. ट्यूबवरची अक्षरं मात्र इंग्रजी असतात आणि ती वाचून दाखवणारं कुणी नसतं. पुढच्या प्रकरणांत घटकांची नावं डब्यावर कशी दिसतात, ती कशी वाचायची, कोणत्या आजारात काय घ्यायचं, हे सावकाश समजावलं आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुलीनं ती आईला वाचून दाखवावीत.

आणि एक विनंती मिलच्या मालकांना आणि मास्तरांना. कलर किचनमध्ये पांढऱ्या पुडीची गोणी फोडणाऱ्याला रुमालावर सोडू नका. त्याला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क द्या, पूड सावकाश आणि शक्यतो ओलसर करून टाकू द्या, आणि जिथे धूळ उठते तिथे हवा बाहेर खेचणारा पंखा बसवा.